बर्फाच्या नांगरामागें

आगगाडी चुकली म्हणून तिच्यामागें धांवणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. पण जी गाडी प्रवासी नेत नाहीं, माल नेत नाहीं, आणि जींत बसूं म्हटलें तरी कोणी बसूं देणार नाहीं, अशा गाडीमागें ४५ मैल मोटार पिटाळणारे शहाणेसुर्ते गृहस्थ सन २०२५ च्या फेब्रुवारींत कॅनडांतील ऑन्टेरिओ प्रांतांत प्रथमच आमच्या दृष्टीस पडले. त्यांपैकीं एक आमचे चिरंजीव होते. वय वर्षें ४३, धंद्यानें एंजिनिअर, दोन मुलांचे बाप. आणि हातांत चलच्चित्रें घेण्याचा कॅमेरा.

ही गाडी म्हणजे बर्फाचा नांगर. नांगर म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांपुढें बैलजोडी उभी राहिली तरी फारसें बिघडत नाहीं. शेतांतला नांगर माती उकरून ती बाजूस टाकतो, हा रुळांवरचें बर्फ उचलून बाजूस फेंकतो. कर्म तेंच, भूमि मात्र वेगळी. हा नांगर म्हणजे मालगाडीच्या डब्याएवढें एक लोखंडी धूड. तोंडाशीं पाचरीसारखें निमुळतें, वर उभारलेलें. त्याला स्वतःचें एंजिन नसतें. मागून दोन डिझेल एंजिनें त्याला लोटतात, आणि तो बर्फांत शिरतो. दोन्ही अंगांना पंख असतात. ते पसरले म्हणजे रुळांबाहेरचेंही बर्फ दूर सारलें जातें. पोटाखालीं एक फाळ असतो. तो रुळांच्या माथ्याहूनही खालीं उतरून चाकांच्या कडा जेथून जातात ती आंतली जागा साफ करतो. पंख आणि फाळ दोन्ही दाबलेल्या हवेच्या जोरावर वरखालीं होतात. त्यांच्या कळा डब्याच्या वरच्या अंगास असलेल्या काचेच्या चौकटींत बसलेल्या माणसाच्या हातीं असतात. या माणसाविषयीं पुढें लिहावयाचें आहे.

अमरकोशांत हिमाला अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, प्रालेय, मिहिका अशीं नांवें दिलीं आहेत. आम्हीं उभा जन्म मुलांकडून तीं घोकून घेतलीं. त्या वेळीं आम्हीं हिम पाहिलें नव्हतें आणि मुलांनींही पाहिलें नव्हतें. पण त्यामुळें पाठांतरास कोठें बाध आला नाहीं. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानांत आली, ती ही कीं पडणारें बर्फ आणि उडणारें बर्फ या दोन वस्तु आहेत. पडणारें बर्फ कापसासारखें मऊ असतें. वाऱ्यानें तेंच उडवून सखल जागीं नेऊन ठासलें म्हणजे त्यावर मनुष्य चालूं शकतो, आणि एखाद्या खोदाईंत, दोन्ही बाजूंच्या दरडींमध्यें, तें असें घट्ट बसतें कीं फावड्याचा आवाज दगडावर आपटल्यासारखा येतो. असा थर नांगरापुढें आला आणि नांगर त्याखालीं न शिरतां त्यावर चढला, तर गाडी रुळांवरून उतरते.

चिरंजीव राहतात त्या भागांत हें बर्फ येतें तें ह्यूरन सरोवरावरून. सरोवर शब्दानें वाचकांनीं फसूं नये. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५९,६०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ पांचवा हिस्सा. हिवाळ्याच्या आरंभीं त्याचें पाणी हवेहून ऊबदार असतें. वायव्येकडून येणारा कोरडा, बोचरा वारा त्यावरून येतां येतां बाष्प पिऊन घेतो आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर येतांच तें बर्फाच्या रूपानें ओकून टाकतो. तेंही सर्वत्र सारखें नाहीं, पट्टे पडतात. एका गांवीं स्वच्छ ऊन आणि तीन कोसांवर स्वतःच्या मोटारीचें नाक दिसत नाहीं, असा प्रकार आम्हीं एकाच सकाळीं दोनदां अनुभवला. सरोवर गोठलें म्हणजे हा खेळ मंदावतो.

त्या किनाऱ्यावर गॉडरिच म्हणून एक टुमदार गांव आहे. स्ट्रॅटफर्डहून तेथें रूळ पोंचले ते १८५८ सालीं. पुढें १८६६ सालीं कोणी तेल लागेल या आशेनें तेथें भोंक पाडलें, तों खालीं मीठ लागलें. आज तेथें सरोवराच्या तळाखालीं सुमारें १,८०० फूट खोल मिठाची खाण आहे. १९५९ सालीं ती सुरू झाली, आणि जमिनीखालच्या मिठाच्या खाणींत ती जगांत सर्वांत मोठी गणली जाते. उरण-पेणकडचीं मिठागरें पाहिलेल्या आम्हांस मीठ कुदळीनें फोडतात ही कल्पनाच चमत्कारिक वाटली. पण खरी मौज पुढें आहे. तें मीठ बहुतेक खाण्याकडे जात नाहीं. थंडींत रस्त्यांवर पसरून बर्फ वितळविण्याकडे जातें. सरोवरांतील जहाजांची वाहतूक हिवाळ्यांत कांहीं आठवडे बंद असते, तेव्हां रुळांची किंमत वाढते. म्हणजे रस्त्यांवरचें बर्फ वितळविणारें मीठ ज्या रुळांवरून जावयाचें, त्या रुळांवरचें बर्फ मात्र मिठानें निघत नाहीं. त्याला नांगरच लागतो.

उंच पर्वतांतून जाणाऱ्या रेल्वेंना पाचरीचा नांगर पुरत नाहीं. तेथें तोंडाशीं मोठें फिरतें चक्र असलेलें यंत्र वापरतात. तें बर्फ कापून घेतें आणि उंच फवाऱ्यासारखें दरीकडे फेंकतें. या यंत्राची मूळ कल्पना टोरोंटोच्या जे. डब्ल्यू. एलियट नांवाच्या दंतवैद्याची. त्यांनीं १८६९ सालीं तिचें पेटंट घेतलें. दांत कोरणाराला बर्फ कोरण्याची बुद्धि व्हावी यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं. पण यंत्र प्रत्यक्षांत आलें तें त्याच प्रांतांतील ऑरेंजव्हिल गांवच्या ऑरेंज जल यांनीं त्यांत सुधारणा केल्यावर, १८८३-८४ च्या सुमारास. अशीं यंत्रें असूनही पर्वतापुढें माणसाचें फार चालत नाहीं. ४ मार्च १९१० रोजीं कॅनडाच्या पश्चिमेस रॉजर्स घाटांत एक हिमकडा रुळांवर कोसळला. तो उपसण्यास माणसें आणि यंत्र गेलें, आणि रात्रीं तें काम चालूं असतांच समोरच्या डोंगरावरून दुसरा कडा आला. ५८ माणसें गेलीं. त्यांत ३२ जपानी मजूर होते. त्यानंतर रेल्वेनें त्या घाटाचा नादच सोडला आणि खालून ५ मैलांचा बोगदा खणला. तो १९१६ सालीं सुरू झाला. आमच्या कथेंतला प्रदेश सपाट आहे. तेथें कडा कोसळण्याचें भय नाहीं. पण सपाट प्रदेशाचीं भयें निराळीं असतात.

तीं सूनबाईंस पक्कीं ठाऊक होतीं. आदल्याच वर्षीं चिरंजीवांची मोटार अशाच पाठलागांत घसरून रस्त्याकडेच्या चरांत गेली होती. कोणास खरचटलें नाहीं, पण दोन तास थंडींत काढावे लागले, आणि बरोबर नातू होता. त्यामुळें यंदा नांगर निघणार अशी वार्ता येतांच घरांत आदल्या रात्रीं बरीच खडाजंगी झाली. सूनबाई म्हणाल्या, “यांचे हात असतात चाकावर आणि डोळे असतात रुळांवर. नाना, तुम्ही बरोबर जाल तर जाऊं देतें. नाहींतर मुलाला घरीं ठेवा आणि हे एकटे जाऊं देत.” या वाक्याचा उत्तरार्ध आम्हांस पूर्वार्धापेक्षां कडक वाटला. आम्हीं जाण्याचें कबूल केलें आणि दोन अटी घातल्या. वेगाची पाटी सांगेल त्याहून एक मैलही अधिक नाहीं. आणि रुळांपासून ५० पावलांच्या आंत कोणीं पाऊल ठेवावयाचें नाहीं. दुसरी अट ऐकून चिरंजीवांचें तोंड उतरलें. परंतु नांगराच्या पंखावरून उडणाऱ्या बर्फांत नुसतें बर्फ नसतें. त्यांत गोठलेलीं ढेकळें असतात, खडी असते, वेळीं लांकडाचे तुकडे असतात. शिवाय रुळांलगतची जमीन रेल्वेची; तेथें आपलें कामच काय?

पहांटे स्ट्रॅटफर्डहून निघालों. पूर्वी या गांवीं आगगाडीचीं एंजिनें दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना होता. तो १९६४ सालीं बंद झाला, आणि आतां गांवाची ख्याति १९५३ पासून चाललेल्या नाट्यमहोत्सवामुळें आहे. रूळ आणि मोटारीचा रस्ता येथून मिचेल, डब्लिन, सीफोर्थ, क्लिंटन असे गांवांमागून गांव घेत थोड्याबहुत अंतरानें बरोबरच पश्चिमेस जातात. पाठलाग शक्य होतो तो यामुळेंच. पाठलाग म्हणजे तरी काय? गाडीच्या मागें जाणें नव्हेच. तिच्या पुढें जाऊन एखाद्या आडव्या रस्त्याच्या फाटकाजवळ उभें राहावयाचें, ती आली कीं चित्र घ्यावयाचें, सामान गोळा करून पुन्हां तिला गांठून पुढें जावयाचें. तसे आणखी चारपांच मोटारवाले होते. एकमेकांस नांवानें ओळखत नव्हते, पण हात मात्र सर्वांनीं हालविले. नातू मागें बसून छोट्या बिनतारी यंत्रावर रेल्वेच्या माणसांचें बोलणें ऐके आणि आम्हांस वर्दी देई: “आजोबा, मिचेल सोडलें!”

चित्र घेण्याची विद्याही आम्हीं त्या दिवशीं थोडीफार ऐकून घेतली. कॅमेरा आपल्या हिशेबानें जग करड्या रंगाचें आहे असें धरून चालतो. त्यामुळें बर्फ त्याच्यावर सोपविलें तर मळकट उमटतें, आणि पांढरें पांढरें दिसावें म्हणून माणसानें मुद्दाम अधिक उजेड आंत घ्यावा लागतो. थंडीनें विजेच्या बॅटऱ्या गळतात, म्हणून त्या काखेंत धराव्या लागतात. काचेजवळ श्वास सोडावयाचा नाहीं. घरीं परततांना कॅमेरा पिशवींत बांधून मग उंबरठा ओलांडावयाचा, नाहींतर ऊब लागतांच त्याला आंतबाहेर घाम फुटतो. आणि उभें राहावयाचें तें वारा ज्या अंगानें येतो त्या अंगास. एवढे सोंवळ्याचे नियम आम्हीं एके काळीं पाळीत होतों. पण चिरंजीवांनीं ते कधीं पाळल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

डब्लिन ओलांडल्यावर एका आडव्या रस्त्यावर आम्ही थांबलों, तों तेथें नारिंगी कोट घातलेला एक वयस्क मनुष्य लोखंडी पहार घेऊन वांकलेला दिसला. फाटकाच्या जागीं रस्त्याचा पृष्ठभाग आणि रूळ यांमध्यें जी खांच ठेवलेली असते ती तो उकरीत होता. आम्हांस प्रथम वाटलें, मागून नांगर येतच आहे, तर याची काय गरज? चिरंजीवांनीं चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. रस्त्यावरून मोटारी जातात, त्यांच्या चाकांखालीं बर्फ खांचेंत दाबलें जातें. रस्त्यावरच्या मिठानें तें वितळतें, रात्रीं पुन्हां गोठतें, आणि दगडासारखें होतें. चाकाची कड त्यावर चढली कीं डबा रूळ सोडतो. नांगराचा फाळ ही खांच साफ करूं शकत नाहीं, कारण तेथें रस्ताच आडवा असतो. फाटक आलें कीं फाळ उचलावा लागतो. न उचलला तर तो रस्त्याच्या फळ्यांवर आदळतो, आणि मग फाळाचें, नांगराचें व आंतील माणसांचें काय होईल तें सांगावयास नको. सांध्यांवर तसेंच. पुलावर आणि खांबांपाशीं पंख मिटावे लागतात. फाटक ओलांडतांच पुन्हां सर्व खालीं.

आम्हीं विचारलें, “मग वर बसलेल्या त्या माणसाला फाटक दिसतें कसें?”

तो म्हातारा हंसला. म्हणाला, दिसत नाहीं. रुळांकडेला खुणेच्या पाट्या असतात, पण त्या बर्फांत पुरलेल्या असतात. नांगर जोरांत शिरला कीं काचेपुढें सगळें पांढरें होतें. मागच्या एंजिनांतल्या हांकणाराला तर नांगराच्या पाठीशिवाय कांहींच दिसत नाहीं. तो वरच्या माणसाच्या शब्दावर चालतो. आणि वरचा माणूस स्मरणावर. कोणतें शेत गेलें कीं कोणतें फाटक, कोणत्या वळणानंतर किती क्षणांनीं पूल, हें सगळें त्याला पाठ असावें लागतें. आज वर बसलेला माणूस वीस वर्षें याच रुळांवर आहे, एवढें सांगून तो पुन्हां वांकला.

हें ऐकून आम्हांस जें समाधान झालें तें लपवीत नाहीं. पाठांतर ही बुद्धीची हानि करणारी गोष्ट आहे, मुलांनीं समजून घ्यावें, घोकूं नये, असें गेलीं तीस-चाळीस वर्षें शाळाखात्याचे लोक आम्हांस ऐकवीत आले. समजून घेऊं नये असें आम्हीं कधीं म्हटलें नाहीं. पण डोळ्यांपुढें सगळें पांढरें झाल्यावर समजून घेण्यास वेळ कोठें आहे? तेथें जें जिभेवर किंवा हातांत बसलेलें असेल तेंच कामास येतें. घनपाठी ब्राह्मण शब्दांचे क्रम उलटसुलट म्हणतो तेव्हां तो विचार करीत नसतो. चिरंजीवांस हें सांगितलें, तेव्हां ते कॅमेऱ्याच्या तिकाटण्याशीं झगडत होते. “हो नाना,” म्हणाले. बापाचें बोलणें न ऐकतां रुकार देण्याची ही रीत त्यांच्या लहानपणापासूनची आहे.

इतक्यांत शिटी आली. त्या देशांत फाटकापूर्वीं शिटी कशी वाजवावी याचा नियम आहे: दोन लांब, एक तोकडी, पुन्हां एक लांब. नातवानें तो आम्हांस सांगितला आणि आम्हांस हंसूं लोटलें. गुरु, गुरु, लघु, गुरु! म्हणजे तगण आणि पुढें एक गुरु. इंद्रवज्रा अशीच उठते, वसंततिलकाही अशीच उठते. नातवास तेथेंच, नाकाचें पाणी गोठत असतां, आम्हीं तगण शिकविला, आणि पुढच्या प्रत्येक फाटकाला तो “आजोबा, इंद्रवज्रा!” म्हणून ओरडूं लागला. त्याला मराठी वाचतां येत नाहीं, हें येतें.

शिटीमागून गाडी आली. गाडी आली असें म्हणतों, पण दिसला तो एक पांढरा ढग, जमिनीलगत धांवत येणारा, आणि त्याच्या पोटांत क्षणभर कांहीं काळें. पन्नास पावलांवरही पायांखालची जमीन हालली. नारिंगी कोटवाला केव्हांच आपल्या मोटारीपलीकडे गेला होता. वारा आम्हीं ठरविलेल्या अंगानेंच वाहत होता. पण गाडी फाटकावर येण्याच्या आधींच तो फिरला, आणि तो सगळा ढग आमच्यावर आला. डोळे मिटले, तोंड भरलें, टोपी गेली. कांहीं वेळानें डोळे उघडलें तेव्हां दोन एंजिनांची पाठ दूर जात होती. चिरंजीव कॅमेऱ्याची काच पुशीत, कोणास तरी शिव्या देत होते. वाऱ्यास देत असावेत.

पुढें क्लिंटनच्या अलीकडे त्यांना हवें तसें चित्र मिळालें. आकाश उघडलें होतें, खोदाईंत बर्फ छातीइतकें होतें, आणि नांगर त्यांत शिरतांच दोन्ही अंगांनीं दोन कमानी उभ्या राहिल्या. तें चलच्चित्र पुढें हजारों लोकांनीं पाहिलें म्हणतात. आम्हींही पाहिलें. सुंदर आहे. गॉडरिचला पोंचलों तेव्हां नांगर मिठाच्या गाड्यांशेजारीं निमूटपणें उभा होता, आणि वरच्या चौकटींतून उतरून एक बुटका, चष्मेवाला गृहस्थ डब्यांतली पोळीसारखी कांहीं वस्तु उभ्याउभ्या खात होता. त्याला जाऊन भेटावें असें फार मनांत आलें. पण मध्यें रूळ होते, आणि ५० पावलांची अट आमचीच होती.

डब्लिनची चित्रफीत मात्र वाया गेली. दीड मिनिट नुसतें पांढरें. चिरंजीव ती पुसून टाकणार होते. नातू म्हणाला, “आजीला पाठवा.”

आमच्या सौभाग्यवती पुण्यास धाकट्या मुलाकडे असतात. कांचबिंदूनें त्यांची दृष्टि जवळजवळ गेली आहे, त्यामुळें त्या या प्रवासास आल्या नाहींत. चिरंजीव आपलीं सगळीं चित्रें त्यांस पाठवितात, आणि त्या तीं ऐकतात. याला कारण आहे. आमची अर्धी नोकरी कर्जतला झाली. घर रुळांपासून हांकेवर. बोरघाट चढण्यासाठीं कर्जतला गाडीच्या मागें जोडएंजिनें लावतात. स्वयंपाकघरांत बसून, खिडकीकडे न पाहतां, कोणत्या गाडीला मागें एंजिनें लागलीं आणि कोणती अजून खोळंबली आहे, हें त्या सांगत. चिरंजीव तेव्हां पांचसात वर्षांचे. धांवत स्टेशनावर जाऊन पडताळा पाहून येत, आणि आईचें सांगणें बहुधा खरें निघे. आगगाडीचें वेड या घरांत कोठून आलें याविषयीं आम्हांवर उगाच आळ येतो.

ती पांढरी फीत त्यांनीं दोनदां ऐकली. रविवारीं टेलिफोनवर म्हणाल्या, “मागें दोन एंजिनें आहेत. आणि गाडीला ओझें नाहीं.”

“बरोबर आई,” चिरंजीव म्हणाले. “शिटी ऐकलीस ना?”

“शिटी ऐकली रे. पण शिटीमागून तें घासल्यासारखें काय येत होतें? खसऽऽ असें येत होतें, मग एकदम थांबलें, चाकांचे ठोके तेवढे ऐकूं आले, आणि लगेच पुन्हां सुरू झालें.”

चिरंजीव गप्प झाले. नंतर उठून त्यांनीं ती फीत पुन्हां लावली, आणि नातवास सांगून दिवाणखान्यांतला पंखा बंद करविला.